फळीवरच्या रेघा

मी कलाशाखेचा विद्यार्थी. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला भूगोल हा माझा मुख्य विषय आहे. वनस्पतिशास्त्राशी माझा संबंध दहावीनंतर सुटला. तेव्हा झाडाच्या पोटातल्या घडामोडींवर मी लेख लिहावा, हे कोणाला आगाऊपणाचे वाटले तर त्यात नवल नाही. पण या विषयाकडे मला पुस्तकाने नेले नाही. नेले ते माझ्या घरातल्या टेबलाने.

माझे वडील न्हावा-शेवा बंदराजवळच्या एका गोदामात कामाला आहेत. परदेशांतून येणारी यंत्रे लाकडी खोक्यांतून येतात. माल उतरला की खोकी मोडली जातात. बऱ्या फळ्या कोणी सुतारकामाला नेतो, उरलेल्या जळणाला जातात. मी अकरावीत गेलो त्या वर्षी वडिलांनी अशाच चार-पाच फळ्या आणल्या, रंधा मारला आणि मला अभ्यासाचे टेबल करून दिले. त्याच्या एका कडेवर अजून शिक्का दिसतो. गव्हाच्या लोंबीसारखे चित्र आणि शेजारी 'एच. टी.' ही अक्षरे. लाकडातून कीड एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून खोक्याचे लाकूड आतल्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला निदान अर्धा तास तापवावे लागते, त्याची ही खूण आहे, असे मला मागाहून कळले.

टेबलाच्या दोन फळ्या शेजारी-शेजारी आहेत. दोन्ही पाइनच्या जातीच्या, फिक्या पिवळट. परंतु एकीच्या तोंडावर बोटाच्या रुंदीत जेमतेम तीन रेघा मावतात, तर दुसरीवर तेवढ्याच जागेत मी पंचवीस मोजल्या. अभ्यासाचा कंटाळा आला की मी त्या मोजत बसे. एक दिवस आमच्या भूगोलाच्या सरांना विचारले. ते म्हणाले, "अरे, ती झाडाची रोजकीर्द आहे. एक रेघ म्हणजे एक वर्ष. त्या वर्षी झाडाने किती कमावले ते तिथे लिहिलेले आहे." झाडाची कमाई म्हणजे काय, आणि ती कमी-जास्त का होते, याचा शोध मी घेऊ लागलो, त्याचीच ही हकीकत.

झाडाची कमाई म्हणजे कर्ब. हवेतला कर्बवायू, म्हणजे कार्बन डाय-ऑक्साइड, पाने आत घेतात, सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने त्याची साखर करतात आणि त्या साखरेतूनच पुढे लाकूड घडते. आपल्याला वाटते झाड जमिनीतून वर येते. वास्तविक त्याच्या लाकडाचा कर्ब हवेतून खाली आलेला असतो. पूर्ण वाळलेल्या लाकडाच्या वजनात सुमारे निम्मा भाग कर्बाचा असतो. माझ्या टेबलाचे लाकूड वीस किलो धरले तर त्यात दहा किलो कर्ब आहे. एक किलो कर्बापासून सुमारे पावणेचार किलो कर्बवायू होतो. म्हणजे माझ्या वह्या-पुस्तकांखाली सदतीस किलोच्या आसपास कर्बवायू लाकूड होऊन स्वस्थ पडून आहे. पृथ्वीचे तापमान वाढविणाऱ्या वायूंत हा मुख्य. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे २८० भाग होता, आज ४२० च्या वर गेला आहे. म्हणूनच जगभर 'झाडे लावा' असे सांगितले जाते. सांगणे खोटे नाही, पण त्यात एक मोठा खर्च धरलेला नसतो. तो खर्च पाण्याचा.

पानाच्या अंगावर डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात, त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. कर्बवायू आत यायचा तर हे दार उघडावे लागते. आणि दार उघडले की आतली ओल बाहेर जाते. दोघांना वेगवेगळी दारे नाहीत. हा सौदाही बरोबरीचा नाही. कर्बवायूचा एक रेणू मिळविण्यासाठी झाडाला पाण्याचे काहीशे रेणू घालवावे लागतात. आमच्या वाशीच्या बाजारात आवक घटली की भाव चढतो, तसा इथेही भाव बदलतो. हवा दमट आणि थंड असेल तर सौदा स्वस्त पडतो; हवा तापली आणि कोरडी झाली की महाग. तापमान एका अंशाने वाढले तर हवेची बाष्प सामावण्याची शक्ती सुमारे सात टक्क्यांनी वाढते. म्हणजे पाऊस पूर्वीइतकाच पडला तरी उष्ण हवा पानातून अधिक पाणी ओढते. मुळांना ते पुरविता आले नाही तर झाड दार लावून घेते. दार लावले की पाणी वाचते, पण कमाईही थांबते.

यात आणखी एक बारकावा आहे. लाकूड वाढायचे म्हणजे सालीखालच्या कोवळ्या पेशी फुगायला हव्यात, आणि फुगण्यासाठी त्यांत पाण्याचा दाब हवा. पाणी कमी पडू लागले की पाने अजून साखर करीत असतानाच लाकडाची वाढ मंदावते. बाजारात पैसा आहे, पण गवंड्याला चुना कालवायला पाणी नाही, म्हणून भिंत अडली. तसला हा प्रकार. थंडीचेही तसेच. तापमान पाच-सहा अंशांखाली गेले की नवे लाकूड जवळजवळ तयारच होत नाही, मग ऊन कितीही लख्ख असो. तेव्हा झाडाच्या रोजकीर्दीवर सही करणारे दोन कारकून आहेत: एक ऊब, दुसरे पाणी. दोघांपैकी जो अधिक कंजूष, त्याचा शब्द चालतो.

आता सूचिपर्णी वृक्षांकडे वळू. देवदार, चीड, कैल, स्प्रूस, फर ही सारी सुईसारख्या पानांची मंडळी. आपल्या कोकणपट्टीत ती रानात आढळत नाहीत. नाताळात कुंडीतून विकली जाते ती तेवढी ओळखीची. ही झाडे बहुधा अशा मुलखात राहतात की जिथे वर्षातून काही महिने पाणी बर्फ होऊन जाते. बर्फ पायाशी साचलेला, पण मुळांना तो पिता येत नाही. म्हणजे पाणी असून दुष्काळ. त्या दुष्काळासाठी त्यांची सारी रचना आहे. पान अरुंद, त्यावर मेणाचा लेप, पर्णरंध्रे खोलगट जागी दडविलेली. पाने एकदम गळत नसल्यामुळे चार दिवस हवा अनुकूल झाली तरी कामाला लगेच सुरुवात करता येते.

लाकडाची रचनाही वेगळी. साग-आंब्यासारख्या झाडांच्या लाकडात पाणी वर नेणाऱ्या रुंद, लांब नळ्या असतात. सूचिपर्णींत त्या नसतात; अरुंद आणि आखूड अशा लक्षावधी वाहिनिका एकमेकींना चिकटून असतात आणि त्यांच्या भिंतींत झडपेसारखी खळगी असतात. कडक उन्हाळ्यात किंवा पाणी गोठून पुन्हा वितळताना एखाद्या वाहिनिकेत हवेचा बुडबुडा शिरला तर शेजारची झडप मिटते आणि बिघाड पसरत नाही. पाणी सावकाश चढते, पण काम जोखमीचे राहत नाही. तरीही याला मर्यादा आहे. दुष्काळ फार ताणला की बुडबुडे वाढत जातात, आणि शेवटी पाण्याचे बंब आटल्यासारखे होऊन शेंडा वाळतो.

फळीवर दिसणारी रेघही याच वाहिनिकांची. हंगामाच्या आरंभी पाणी मुबलक असते, तेव्हा मोठ्या पोकळीच्या, पातळ भिंतींच्या वाहिनिका तयार होतात. तो फिका पट्टा. हंगाम सरताना लहान पोकळीच्या, जाड भिंतींच्या होतात. ती गडद रेघ. मग हिवाळ्यात काम बंद. पुढच्या वर्षी पुन्हा फिका पट्टा. गडद भाग रुंदीने थोडा असला तरी घट्ट असतो आणि तेवढ्याच जागेत जास्त कर्ब बाळगतो. त्यामुळे नुसती रुंदी मोजून हिशेब पुरा होत नाही. लाकूड भरीव आहे की भुसभुशीत, हेही पाहावे लागते.

या रेघांवरून हवामानाचा इतिहास वाचण्याचे शास्त्र ए. ई. डग्लस या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी उभे केले आणि १९३७ साली ॲरिझोनात त्यासाठी प्रयोगशाळा स्थापन झाली. आपल्या महाराष्ट्रालाही या विद्येत स्थान आहे, हे वाचून मला फार आनंद झाला. पुण्याला पाषाण भागात भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. तिथल्या पंत आणि बोरगावकर या संशोधकांनी १९८३ साली ठाणे परिसरातल्या सागाची वलये आणि इथले हवामान यांचा संबंध तपासणारा अभ्यास प्रसिद्ध केला, म्हणजे जवळजवळ आमच्याच अंगणातला! लगोलग १९८४ साली कुमाऊंतल्या चीड वृक्षांवर आणि पुढे १९९० नंतरच्या दशकात काश्मीरपासून पश्चिम हिमालयातल्या देवदारांपर्यंत त्यांचे काम गेले. त्यासाठी झाड पाडावे लागत नाही. पोकळ गिरमिटाने खोडातून शिसपेन्सिलीहून बारीक अशी कांडी काढतात आणि तिच्यावरच्या रेघा भिंगाखाली मोजतात.

या कामातून देवदाराविषयी जे दिसले ते मला विलक्षण वाटले. आपली समजूत अशी की भारतात झाडाचे नशीब मोसमी पावसावर. आपल्या सागाचे तसे आहेच. जूनमध्ये पाऊस आला की त्याची वाढ सुरू होते आणि कोरड्या दिवसांत तो पाने टाकून मोकळा होतो. परंतु पश्चिम हिमालयातल्या देवदाराचे वलय बरेचसे ठरते ते मार्च ते मे या महिन्यांत. हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या वादळांनी बर्फ पडते, वसंतात ते विरघळून जमिनीत मुरते, आणि त्या ओलीवर देवदार लाकूड बांधतो. हे तीन महिने पावसाचे व थंडाव्याचे गेले तर वलय रुंद. तापट आणि कोरडे गेले तर अरुंद. जुलै-ऑगस्टात धो-धो पाऊस झाला तरी मार्च-मेची तूट पुरी भरून निघत नाही. वर्षाला एकूण पाऊस किती, हा प्रश्न अपुरा आहे; झाडाला हवा तेव्हा किती, हा खरा प्रश्न आहे.

म्हणूनच तापमान वाढले तर झाडे जोमाने वाढतील की खुरटतील, याला एकच उत्तर नाही. फार उंचावर किंवा ध्रुवाकडच्या थंड अरण्यात कंजूष कारकून ऊब हा असतो. तिथे ऊब वाढली तर काही काळ वलये रुंद होऊ शकतात. खाली, कोरड्या उतारावर, कंजूष कारकून पाणी असते. तिथे तीच ऊब झाडाचे पाणी पळविते. हवेतला कर्बवायू वाढल्यामुळे झाडाला दार थोडे कमी उघडून भागविता येते, हे खरे. पण पाणी आणि ऊब यांनी अडविले तर त्या काटकसरीचे जाड लाकूड होईलच असे नाही. वलयांच्या अभ्यासांतून हे ठिकठिकाणी दिसून आले आहे.

माझ्या टेबलाच्या फळ्यांचे कोडे इथे थोडेसे सुटते. त्या कोणत्या देशाच्या, हे मी सांगू शकत नाही. पण न्यूझीलंडमध्ये रेडिएटा पाइन नावाच्या झाडाची मोठी लागवड आहे. मूळ कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचे हे झाड तिथल्या सौम्य हवेत, वर्षभर पसरलेल्या पावसावर झपाट्याने वाढते आणि सुमारे अठ्ठावीस वर्षांत तोडणीला येते. त्याच्या रेघा रुंद असतात. उलट उत्तर युरोपातल्या, आखूड उन्हाळ्याच्या मुलखातल्या झाडाच्या रेघा दाट असतात. माझी एक फळी पहिल्यासारख्या हवेत वाढली असावी, दुसरी दुसऱ्यासारख्या.

मला आधी वाटले, भराभर वाढणारे झाड तेच चांगले, कर्ब जास्त साठेल. पण कमाई वेगळी आणि शिल्लक वेगळी. कॅलिफोर्नियातल्या कोरड्या, थंड डोंगरमाथ्यावर ब्रिसलकोन पाइन नावाची झाडे आहेत. पाणी इतके कमी की त्यांची वलये कागदासारखी पातळ. पण त्यांतली काही साडेचार हजार वर्षांहून अधिक जगली आहेत. त्यांनी मोहेंजोदडोच्या काळात घेतलेला कर्ब अजून सोडलेला नाही. उत्तरेकडच्या थंड सूचिपर्णी अरण्यांत तर झाडांपेक्षा जमिनीत अधिक कर्ब साठलेला आहे, कारण गारठ्यात आणि दलदलीत पालापाचोळा कुजतच नाही. खाते मोठे व्हायला भरणा जसा लागतो, तसे पैसे काढणारेही दूर ठेवावे लागतात.

दुष्काळ मारतो तो इथेच. पाणी असलेल्या सूचिपर्णी झाडात राळ भरपूर असते. साल पोखरणारा भुंगेरा आत शिरला तर राळ त्याला बाहेर ढकलते. तहानलेल्या झाडाला हे जमत नाही. कॅलिफोर्नियात २०१२ ते २०१६ या वर्षांच्या अवर्षणानंतर दहा कोटींहून अधिक झाडे वाळून गेली. कॅनडाच्या पश्चिम भागात हिवाळे सौम्य झाले आणि अळ्या मरेनाशा झाल्या. तिथली पाइनची अरण्ये कर्ब साठविण्याऐवजी सोडू लागल्याचा हिशेब २००८ साली मांडला गेला. मध्य युरोपात २०१८ च्या कोरड्या उन्हाळ्यानंतर स्प्रूसची तीच गत झाली. आपल्या उत्तराखंडात उन्हाळ्यात चीडाच्या वाळल्या सुयांचा थर जमिनीवर पसरतो. हिवाळा कोरडा गेला की ठिणगी पडायचा अवकाश. २०१६ आणि २०२४ साली तिथे पेटलेले वणवे वर्तमानपत्रांतून आपण वाचले आहेत. शंभर वर्षांची शिल्लक एका आठवड्यात हवेत जाते. माझ्या टेबलावरचा तो 'एच. टी.'चा शिक्का याच भुंगेऱ्यांच्या भीतीने मारलेला आहे, हे कळल्यावर मी तो पुसायचा विचार सोडून दिला.

इथपर्यंत वाचून वाचक म्हणतील, नवी मुंबईत देवदार नाही की चीड नाही. आपल्याला याचे काय? मलाही तसेच वाटत होते. पण गेल्या वर्षी जुलैत आम्ही मित्रांनी पारसिकच्या डोंगरउतारावर रोपे लावली. फोटो काढले, संख्या मोजली, वडापाव खाल्ला आणि घरी आलो. पावसाळाभर ती तरारून होती. आपल्याकडे चार महिन्यांत पाऊस कोसळतो आणि उरलेले आठ महिने उतारावरचा खडक कोरडा पडतो, हे मी परीक्षेत दहादा लिहिले होते. तरी रोपांना ऑक्टोबरनंतर पाणी कोण घालणार, हा विचार माझ्या मनात आला नाही. मे महिन्यात गेलो तेव्हा हिरवी रोपे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. दोष आमचाच. आम्ही संख्या लावली, पाणी लावले नाही.

त्या दिवशी उदास होऊन घरी आलो. आमचे घर बेलापूरजवळ, दिवाळे या कोळी गावात. आजी ओट्यावर बसली होती. तिला सांगितले, तर तिने हसून खाडीकडे बोट दाखविले. तिथली तिवरे कोणी लावली, कोण त्यांना पाणी घालते, असे तिने मला विचारले. आणि मला एकदम सूचिपर्णींची आठवण झाली. तिवरही पाण्यात उभे आहे, पण ते पाणी खारे, पिता न येणारे. देवदाराच्या पायाशी बर्फ आणि तिवराच्या पायाशी मीठ. दोघांचाही दुष्काळ पाण्याच्या शेजारचाच! तिवर मुळांशीच बरेचसे मीठ अडविते आणि उरलेले पानांतून बाहेर टाकते. पानावरून जीभ फिरविली तर खारट लागते. पाणी त्यालाही जपूनच खर्चावे लागते.

त्याची खरी शिल्लक मात्र चिखलात आहे. खाडीच्या चिखलात प्राणवायू पोहोचत नाही, म्हणून मुळे आणि पाचोळा कुजत नाहीत. उत्तरेच्या अरण्यात जे काम गारठा करतो ते इथे भरती-ओहोटी करते. हिंदी व प्रशांत महासागरांच्या किनाऱ्यांवरच्या पंचवीस खारफुटी वनांची मोजणी २०११ साली प्रसिद्ध झाली. तीत हेक्टरी सरासरी सुमारे हजार टन कर्ब आढळला आणि त्यातला बहुतेक जमिनीत होता. म्हणून खारफुटीवर भराव टाकणे म्हणजे नुसती झाडे तोडणे नव्हे, जुने खाते फोडणे होय. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली आणि पुन्हा २०१८ साली खारफुटीच्या रक्षणाचे आदेश दिले. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाला आणि २०२२ साली रामसर यादीत गेला. रोहित पाहायला आपण जातो. पुढच्या वेळी पायांखालच्या चिखलाकडेही पाहावे, एवढी विनंती.

यंदाच्या उन्हाळ्यात आम्ही पारसिकवर नवीन रोपे लावली नाहीत. जी उरली होती त्यांच्याकडे रविवारी डबे घेऊन गेलो. कॉलेजच्या अहवालात याची नोंद करायला आकडा मिळाला नाही, पण रोपे जगली.

आणि टेबल? मागच्या महिन्यात त्याचा एक पाय निखळला. वडील म्हणाले, "नवे लोखंडी घेऊ, हे बंबात घालू." मी त्यांना सदतीस किलोचा हिशेब सांगितला. त्यांनी तो ऐकून घेतला, मग काही न बोलता खिळे आणि हातोडी घेऊन आले. हा लेख त्याच टेबलावर लिहिला आहे.